घरगाडी ओढताना : सामान आपलं, तोलही आपलाच!

मैत्रिणींनो, लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री घरात काय चित्र असतं, ते मी वेगळं सांगायला नकोच. घरातले पुरुष टायरची हवा बघतात, पेट्रोल भरून आणतात आणि खुशाल झोपी जातात. आपण मात्र रात्री बारापर्यंत चिवड्याचे डबे, औषधांची पिशवी, मुलांचे स्वेटर भरत बसलेल्या असतो. "गाडीचं तुम्ही बघा, सामानाचं मी बघते," ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. २०२३ च्या जुलैपर्यंत मलाही ती अगदी बरोबर वाटत होती. त्यानंतर मात्र मी ती कायमची मोडली. का मोडली, तेच आज सांगायचं आहे.

आम्ही अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरजवळच्या एका गावात राहतो. सकाळचे तीन तास मी बालवाडीत शिकवते, बाकी घर एके घर. सासूबाई गेल्यापासून मामंजी वर्षाआड सांगली जिल्ह्यातल्या गावाहून आमच्याकडे येतात. त्या वर्षी त्यांना यलोस्टोनची गरम पाण्याची कारंजी दाखवायची असं ठरलं. १८७२ साली राखून ठेवलेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्यातच ह्यांनी एका निवृत्त जोडप्याकडून जुनी घरगाडी विकत घेतली होती.

घरगाडी म्हणजे इथे ज्याला 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात ते. तिला स्वतःचं इंजिन नसतं. आपल्याकडे उसाची ट्रॉली जशी ट्रॅक्टरच्या मागे जोडतात, तशी ही मोठ्या मोटारीच्या मागे जोडायची. आत पलंग, ओटा, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, सगळं काही! इथे या गाड्यांचं फार वेड. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव तर त्यांच्या कारखान्यांसाठीच ओळखलं जातं. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना सर्वांपासून वेगळं ठेवलं होतं, तेसुद्धा 'एअरस्ट्रीम'च्या घरगाडीपासून बनवलेल्या खोलीत!

"पण आम्हाला काय त्याचं?" असं कुणी म्हणेल. पण तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं, भावंडं इकडे आहेत. इकडे आलात की असा प्रवास कधी ना कधी घडेल. शिवाय महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं आहे. तेव्हा चाकांवरच्या घराची थोडी माहिती असलेली बरी.

त्या दिवशी काय झालं

आमच्या घरगाडीत ओटा अगदी मागच्या टोकाला. साहजिकच मी सगळी जड भांडीकुंडी मागे लावली. तांदळाची पिशवी, कणीक, डाळी, कुकर, लोखंडी तवा, डबाबंद वस्तू, सगळं मागच्या कपाटांत. पाण्याची टाकीही चाकांच्या मागच्या बाजूलाच. ती ह्यांनी काठोकाठ भरली. साधारण दीडशे लिटर, म्हणजे दीडशे किलो! त्यावर कडी म्हणून मुलांच्या दोन सायकली मागच्या बंपरवर बांधल्या. "किती सुटसुटीत बसलं सगळं," म्हणून मी खूश.

लॅरमी गाव सोडून आम्ही पश्चिमेकडे, रॉलिन्सच्या रस्त्याला लागलो. वायोमिंगमधला हा टापू वाऱ्यासाठी नावाजलेला. वारा फार वाढला की हलक्या ट्रेलरना रस्ता बंद केल्याच्या पाट्या लागतात. त्या दिवशी पाटी नव्हती, पण वारा होता. उतार लागला, गाडीने वेग घेतला, आणि डाव्या बाजूने एक प्रचंड ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या झोताने घरगाडीचं शेपूट हललं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मला वाटलं, थांबेल. पण प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा! मागचं धूड आता आमच्या मोटारीलाच ओढत होतं. धाकटी "आई" म्हणून किंचाळली. मी फक्त डॅशबोर्ड घट्ट धरून बसले.

ह्यांनी घाबरून आधी ब्रेक दाबला, तसे हेलकावे आणखीनच वाढले. मग मात्र त्यांना आठवण झाली. त्यांनी ब्रेक सोडला, पेट्रोलवरचा पाय काढला, स्टिअरिंग नुसतं सरळ धरलं आणि डॅशबोर्डखालच्या पेटीची कळ अंगठ्याने सरकवली. या कळीने फक्त मागच्या घरगाडीचे ब्रेक लागतात. मागून कुणी शेपूट धरून ओढावं तशी घरगाडी ताणली गेली आणि सरळ झाली. सगळं मिळून वीस-पंचवीस सेकंदांचा खेळ असेल. पण त्यानंतर कितीतरी वेळ गाडीत कुणी बोललं नाही.

मामंजींचं निदान

पुढच्या विश्रांतीथांब्यावर गाडी उभी केली. ह्यांचे हात थरथरत होते. मामंजी मात्र सावकाश उतरले, घरगाडीला एक चक्कर मारली, थोडं लांब जाऊन बाजूने न्याहाळलं आणि म्हणाले, "सूनबाई, ही गाडी उलाळ झालीया."

उलाळ! शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मैत्रिणी हा शब्द लगेच ओळखतील. बैलगाडीत मागे जास्त वजन पडलं की गाडी उलाळ होते. पुढची बाजू वर उचलली जाते. "जू वर उचलतं न् बैलाच्या गळ्याला फास बसतो," मामंजी म्हणाले. "मग बैल गाडी वढत न्हाई, गाडीच बैलाला खेळवती."

बघते तर खरंच. घरगाडीचं नाक वर आणि शेपूट खाली! आमची मोटार म्हणजे तो बैल. मागे भरलेल्या वजनाने तिच्यावरचा दाब उचलला गेला होता. बालवाडीतल्या सी-सॉवर मी हे रोज बघते. मधल्या दांड्याच्या एका बाजूला गलेलठ्ठ मूल बसलं की दुसरं वर! घरगाडीची चाकं म्हणजे तो मधला दांडा, एवढं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मला रडूच आलं. सामान तर मीच भरलं होतं ना! हे म्हणाले, "अगं, तपासायला मी हवं होतं. मी तुला काही सांगितलंच नाही आणि तू काही विचारलं नाहीस." अगदी खरं होतं ते. गाडी त्यांची, सामान माझं, आणि दोघांच्या मधला तोल कुणाचाच नव्हता.

मग तिथेच भर उन्हात पुन्हा मांडामांड केली. सायकली बंपरवरून काढून मोटारीच्या मागच्या हौद्यात टाकल्या. जड डबे, कुकर, तांदूळ चाकांच्या वर आणि थोडे पुढे, जमिनीलगत ठेवले. मागच्या कपाटांत फक्त हलक्या वस्तू, म्हणजे कागदी थाळ्या, पोह्यांचा डबा आणि टॉवेल ठेवले. टाकीतलं पाणी बरंचसं सोडून दिलं. मुक्कामाला नळ असतोच! रॉलिन्सपर्यंत ताशी नव्वद किलोमीटरच्या वर काही गेलो नाही. तिथल्या ट्रकथांब्यावर वजनकाटा होता. घरगाडी जोडून एकदा आणि सोडून एकदा मोटारीचं वजन केलं. त्या दोहोंतला फरक म्हणजे मोटारीवर पडणारा दांडीचा दाब.

हिशेब लिहूनच ठेवा. घरगाडीच्या भरल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर हवा. आमची घरगाडी भरून सुमारे २२०० किलो, म्हणजे दांडीवर २२० ते ३३० किलो पाहिजेत. कमी पडला तर गाडी हेलकावते. फार जास्त झाला तर मोटारीचं बूड दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. मोटार किती वजन ओढू शकते एवढंच बघून भागत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पट्टी असते. माणसं, सामान आणि दांडीचा भार मिळून मोटारीवर जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं.

दुकानात हेलकावे रोखणाऱ्या जोडदांड्या मिळतात. आम्हीही नंतर घेतल्या, आणि त्या उपयोगी आहेत. पण चुकीचं भरलेलं सामान त्या बरोबर करत नाहीत. ते आपल्यालाच करावं लागतं.

चाकाचा ताप बघा

दुसरा धडा टोगवोटी घाटात मिळाला. हा घाट ९,६०० फुटांच्या वर चढतो आणि मग लांबच लांब उतार. उतरताना मला जळका वास आला. ह्यांना वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. पण मी आता गप्प बसणार थोडीच! गाडी थांबवायला लावली. चार चाकांच्या मध्याजवळ एकेक करून हात नेऊन बघितला. हात लावायचा नाही हं, नुसता जवळ न्यायचा. मुलाला ताप आहे का हे आपण हाताच्या मागच्या बाजूने बघतो ना, अगदी तसं. तीन चाकं कोमट आणि एक भाजून काढणारं!

सगळी चाकं सारखीच गरम असतील तर घाटात ते चालायचंच. एकच जास्त तापलं असेल, तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय असं समजावं. आमचा ब्रेक फार आवळलेला निघाला. अर्धा तास थांबून चाक निवू दिलं, सावकाश उतरलो आणि गावातल्या मिस्त्रीकडून नीट करून घेतलं. तसंच पुढे गेलो असतो तर भर उतारावर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

मिस्त्रीने सांगितलेल्या गोष्टी अशा. उतारावर खालचा गिअर टाकावा, सारखा ब्रेकवर पाय ठेवू नये. ब्रेक थोडा वेळ दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, म्हणजे निवायला उसंत मिळते. बेअरिंगला वर्षातून एकदा ताजं ग्रीस हवं. चाक काढून पुन्हा बसवलं असेल, तर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आसपास थांबून नट पुन्हा आवळून बघावेत. ते सैल होतात.

टायरचंही एक गुपित आहे. घरगाडी वर्षातले दहा-अकरा महिने उभीच असते. त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. लोणच्याच्या बरणीवर आपण तारीख घालतो, तशीच ही. पाच-सात वर्षं झाली की नक्षी कितीही छान असो, मोह सोडावा. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना.

"येऊ द्या, येऊ द्या!"

आता थोडी गंमत. घरगाडी मागे घेणं हा नवरा-बायकोच्या संसाराची परीक्षा घेणारा प्रकार आहे! मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर हे गाडी मागे घेत आणि मी मागे उभी राहून एस. टी. च्या कंडक्टरसारखी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत असे. ह्यांना काही ऐकू येत नसे. मी हात हलवला तर हे म्हणत, "डावीकडे म्हणजे माझ्या की तुझ्या?" शेवटी घरगाडी पाइनच्या झाडाला टेकली की भांडण ठरलेलं.

त्यावर तीन नियम केले आणि भांडण मिटलं. एक, मला त्यांचा चेहरा आरशात दिसला पाहिजे. मला ते दिसत नसतील तर त्यांनाही मी दिसत नाही. दोन, दोन्ही हात वर म्हणजे जागच्या जागी थांबायचं, वाद घालायचा नाही. तीन, मुलं आधी मामंजींच्या हातात. चालवणाऱ्याने स्टिअरिंगच्या खालच्या भागावर हात ठेवावा. घरगाडीचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूला हात सरकवायचा. इतकं सोपं, पण कळायला दोन वर्षं जातात.

घराच्या आतलं

इथे तर आपलंच राज्य. पण थोडं वेगळं.

संडासाची टाकी वेगळी आणि न्हाणी-मोरीच्या पाण्याची वेगळी. संडासाच्या टाकीचा खटका मुक्कामी उघडा ठेवायचा नाही. पाणी वाहून जातं आणि घाण आत सुकून राहते. मग येतो तो वास! टाकीत भरपूर पाणी ठेवावं आणि ती बरीचशी भरल्यावर ठरलेल्या जागीच रिकामी करावी. आधी संडासाची, मग न्हाणीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे हवेतच.

गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रीज गाडी तिरकी असेल तर नीट थंड होत नाही, आणि तसाच चालू ठेवला तर बिघडतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी गाडी सपाट करायची. आम्ही पाणसळ ठेवून बघतो.

थंडी वाजते म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून झोपणं मात्र कधीही करू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. त्याची सूचना देणारी भोंग्याची पेटी घरगाडीत असते. प्रत्येक सहलीआधी तिचं बटण दाबून बघायचं. ती वाजते म्हणून कंटाळून बॅटरी काढून ठेवायची नाही.

यलोस्टोनचा बराच भाग सात-आठ हजार फूट उंचीवर. तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर नेला होता म्हणून बरं. दोन शिट्ट्या जास्त, एवढंच.

आणि पावसाळ्यानंतर आपण गच्ची बघतो ना, तसं घरगाडीचं छप्पर वर्षातून दोनदा बघायचं. सांध्यांवरचा लांबीसारखा लेप तडकला की पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं. कोपऱ्यात कुबट वास आला किंवा भिंत दाबल्यावर मऊ लागली, तर वेळ दवडू नये. जुनी घरगाडी विकत घेताना तर हे आधी बघावं.

इकडे हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटतात. म्हणून थंडीआधी सगळं पाणी काढून नळांत गुलाबी रंगाचा न गोठणारा द्रव भरतात. तो पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठीचाच असावा. मोटारीच्या इंजिनातला द्रव विषारी असतो, तो चुकूनही नको. उंदीर शिरू नयेत म्हणून भोकांत तारेची घासणी कोंबते. तो आपल्या स्वयंपाकघरातला उपाय इथेही लागू पडला!

निघण्याआधी दोघांनी मिळून

ही यादी मी फ्रीजच्या दारावर चिकटवली आहे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून बघायचं.

१. जड सामान चाकांच्या वर व जरा पुढे, जमिनीलगत. मागच्या टोकाला हलकंच.

२. लांबून बाजूने बघा. गाडी सपाट उभी आहे ना? नाक वर नको.

३. जोडणीचा खटका बसला का? बसल्यावर पुढचा जॅक थोडा वर उचलून बघा. मोटारीचं बूड सोबत उचललं गेलं तर जोडणी पक्की. मग जॅक पूर्ण वर घ्या.

४. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या. दांडी निसटलीच तर त्या झोळीत अडकते.

५. गाडी सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी तार साखळीला नव्हे, मोटारीला वेगळी अडकवा.

६. मागचे दिवे लागत नाहीत? बल्ब बदलायच्या आधी सात टोकांचा प्लग पुसून बघा. पुष्कळदा धूळ आणि गंजच असतो.

७. गॅस सिलिंडर बंद, फ्रीजचं दार पक्कं, खिडक्या आणि छतावरचा झरोका बंद.

८. चालत्या घरगाडीत कोणीही बसायचं नाही. अगदी "फक्त चहा करते" म्हणूनही नाही!

९. वारा सुटला तर हळू. फारच सुटला तर थांबा. एक दिवस उशिरा पोचल्याने काही बिघडत नाही.

आणि हेलकावे सुरू झालेच तर? मोटारीचा ब्रेक नको, वेग वाढवणं नको, स्टिअरिंग गरागरा फिरवणं नको. पेट्रोलवरचा पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, फक्त घरगाडीचा ब्रेक लावा. हे शेजारी बसणारीलाही पाठ हवं. घाबरलेल्या माणसाला शांत आवाजात आठवण करून द्यायला कुणीतरी लागतंच.

आम्ही यलोस्टोनला सुखरूप पोचलो. मामंजींनी 'ओल्ड फेथफुल'चं कारंजं उडताना पाहिलं आणि हात जोडले. परत निघायच्या सकाळी मी तांदळाची उरलेली पिशवी उचलली, तर हे म्हणाले, "थांब, कुठे ठेवायची ते दोघं मिळून बघू." इतक्या वर्षांच्या संसारात सामान भरताना त्यांनी माझ्याशेजारी उभं राहण्याची ती पहिलीच वेळ. आणि टायरची हवा तपासायला मी खाली वाकण्याचीही!

मामंजी दाराशी उभे राहून सगळं बघत होते. जवळ येऊन त्यांनी एकदा घरगाडीकडे बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "आता बसला तोल."